नंदिनीचं दप्तर

भिलाईच्या पॉवर हाउस चौकातून उत्तरेकडे जो रस्ता निघतो, त्याला सगळं शहर नंदिनी रोड म्हणतं. या रस्त्यावर लोखंडाची गोदामं आहेत, ट्रकांची गॅरेजं आहेत, छावणी नावाच्या वस्तीची गर्दी आहे, जामुलचा सिमेंट कारखाना आहे. रोज हजारो माणसं ‘नंदिनी रोड’ असा पत्ता लिहितात. त्यांतली फारच थोडी त्या रस्त्याच्या टोकाला गेलेली असतात. वीसेक किलोमीटरवर, अहिवाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे धानाची शेतं संपतात आणि जमिनीला मोठमोठे खड्डे पडलेले दिसू लागतात. ही नंदिनीची चुनखडीची खाण. खाणीलगतच्या वसाहतीचं नाव नंदिनी नगर. आणि ज्याच्यावरून या सगळ्याला नाव पडलं ते नंदिनी-खुंदिनी हे जोडनावाचं खेडं शेजारीच आहे.

अशा गावाचा इतिहास कोणी लिहायचा म्हटलं, तर कशाच्या आधारावर लिहील?

इंग्लंडात हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावाचाही छापील इतिहास सापडतो, आणि तो लिहिणारा बहुतेकदा निवृत्त शिक्षक किंवा तिथलाच पाद्री असतो. त्यांच्या हाताशी भांडवल असतं ते पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं दप्तर. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत नोंदवून ठेवावं. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवर आली. मग कोणत्या विधवेला किती शिलिंग दिले, कोणत्या अनाथ पोराला कुणाकडे कामाला ठेवलं, याच्याही वह्या आल्या. पुढे गावं ओस पडली, लहान पॅरिश मोठ्यांत विलीन झाल्या, चर्चचं छप्पर कोसळलं, तरी वह्या राहिल्या. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी मध्ययुगाच्या अखेरीस उठून गेलं. त्याच्या घरांचे पाये १९५० पासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात खणून अभ्यासले गेले. एका उठलेल्या गावासाठी चाळीस उन्हाळे! आपल्याकडे नांदत्या गावाच्याही वाट्याला एवढं लक्ष येत नाही.

अगदीच येत नाही असं मात्र नाही. पुण्याजवळच्या लोणीकंदचं उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. पेशवाई बुडाल्यावर वर्ष-दीड वर्षातच थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने या गावाची घरं, बैल, नांगर, कर्ज, खाणंपिणं सगळं टिपून ठेवलं. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर पुस्तक छापलं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. पण लोणीकंद पुण्याच्या वेशीवर होतं, कोट्सला घोड्यावरून जाता येत होतं. नंदिनीकडच्या धमधा परगण्यातल्या खेड्यात कोण जाणार?

गेलं ते सरकारच. आणि सरकारला माणसांचा बाप्तिस्मा नको होता, सारा हवा होता.

या मुलखातलं सरकार काही काळ मराठी होतं, हे आपण सोयीने विसरतो. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम रतनपूरवर चालून गेले आणि छत्तीसगडचं हैहयवंशी राज्य नागपूरच्या टाचेखाली आलं. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार करत होते. त्यांच्यामागे नागपूरकरांनी सुभेदार नेमायला सुरुवात केली. त्यांतल्या विठ्ठल दिनकर यांनी जुन्या गढ्यांची व्यवस्था मोडून मुलूख परगण्यांत वाटला. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस, आणि गावात गौंटिया. गौंटियाने गावाचा वसूल उचलायचा, वर भरायचा आणि उरेल त्यात आपलं भागवायचं. वसुलीचा मक्ता जास्त बोलीला जायचा आणि बोली वाढली की रयत रात्रीतून गाव सोडून जायची. मराठी कारभाराबद्दल छत्तीसगडी माणसाने फार जिव्हाळा बाळगावा असं त्या काळात काही घडलं नाही, हे इथे मराठीतच लिहून ठेवलेलं बरं.

गावाच्या आत मात्र एक व्यवस्था होती, जी सुभेदाराने आणली नव्हती आणि त्याला मोडताही आली नाही. तिला लाखाबाटा म्हणत. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला मातीचे चार प्रकार तोंडपाठ असतात : काळी कन्हार, पिवळसर मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि मुरमाड भाठा. चांगली माती एकाच्या वाट्याला आणि भाठा दुसऱ्याच्या, असं कायमचं राहू नये म्हणून काही वर्षांनी गावाची सगळी शेतं एकत्र धरून नांगरांच्या हिशेबाने पुन्हा वाटली जात. प्रत्येकाला थोडी कन्हार, थोडी मटासी, थोडी भाठा. वाटपात गौंटियाचं पारडं जड असे, हे उघड आहे. तरीही शेत हे घराण्याचं नसून गावाचं आहे, ही समजूत त्यात होती. इंग्रज बंदोबस्त अधिकाऱ्यांना ही पद्धत डोकेदुखी वाटली. जे शेत पाच-दहा वर्षांनी दुसऱ्याकडे जाणार, त्याला बांध कोण घालणार, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्यांची खरी अडचण वेगळी होती : जे दरवेळी हलतं, त्याचा सातबारा करायचा कसा?

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६० च्या दशकात रायपूर जिल्ह्याची, ज्यात तेव्हा दुर्गही होतं, पद्धतशीर जमाबंदी झाली. ह्यूइट नावाच्या अधिकाऱ्याने ती केली आणि गौंटियाला मालगुजार करून टाकलं. काल जो वसुलीचा मक्तेदार होता, तो आज गावाचा मालक. गावची नदी, गोचर, तलावाचा काठ, आंब्याची झाडं, सगळ्यावर त्याचं नाव चढलं. या उलथापालथीत सतनामी शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. गुरू घासीदासांच्या मागे उभा राहिलेला हा समाज या मैदानात मोठ्या संख्येने शेती करत होता, पण मालगुजारीच्या सनदा बहुतेक इतरांच्या हाती गेल्या. त्यांत मराठी ब्राह्मण घराणीही होती. मालगुजाराला इकडे दाऊ म्हणतात, आणि ती हाक अजून कानावर पडते, मालगुजारी १९५१ साली संपली असली तरी.

आता दप्तराकडे येऊ. या जमाबंदीने आणि पुढच्या फेरजमाबंद्यांनी प्रत्येक मौज्याची मिसल तयार केली. शेताचा नंबर, क्षेत्र, मातीची जात, कुळाचं नाव, बापाचं नाव, जात, राहणार कुठला. पटवारी हे सगळं एका लांबलचक कागदावर रकान्यांत भरायचा. म्हणजे माणसं नोंदली गेली नाहीत असं नाही. पण ज्याच्या नावावर शेत, तोच माणूस. त्याची बायको नाही, मुलगी नाही, शेतावर राबणारा सालदार, ज्याला इकडे सौंजिया किंवा कमिया म्हणायचे, तो तर नाहीच नाही. जन्ममृत्यू कोतवार सांगायचा. गावचा हा रखवालदार ठरल्या दिवशी पायी ठाण्यावर जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं याची वही दाखवून यायचा. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्या वह्यांत काय भरलं असेल, ते वेगळं सांगायला नको. आसामच्या चहामळ्यांकडे निघालेली कुटुंबं मात्र त्या वहीत येत नव्हती. ती जन्मलीही नव्हती, मेलीही नव्हती, फक्त नव्हती.

इंग्लंडच्या पॅरिशने माणसं लिहिली, म्हणून तिथे गाव उठलं तरी माणसांची नावं उरली. आपल्याकडे जमीन लिहिली. मग जमीनच गेली तर?

१८९४ हे वर्ष इथे आडवं येतं. त्या साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा करून इंग्लंडच्या खेड्यांना निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं दिली. गावाच्या पायवाटा, दिवे, दफनभूमी यांचा कारभार पाद्री आणि जमीनदाराच्या हातून काढून गावकऱ्यांच्या मताकडे सोपवला. त्याच साली हिंदुस्थानात त्याच सत्तेने भूसंपादन कायदा केला : सार्वजनिक कामासाठी सरकार कोणाचीही जमीन घेऊ शकेल, भाव ठरवून देईल, पण घेईल. एकाच वर्षातले हे दोन कायदे. दुसरा कायदा स्वतंत्र भारतातही २०१३ अखेरपर्यंत चालू राहिला आणि भिलाई त्याच कायद्यावर उभी राहिली.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून जोर लावला होता. जमिनीच्या संपादनाची पहिली कागदपत्रं त्यामुळे नागपूरच्या छायेत हलली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर, वऱ्हाड मुंबई राज्याकडे गेले, दुर्ग भोपाळकडे गेला. दुर्गातल्या मराठी माणसाची राजधानी एका रात्रीत तुटली. त्या काळच्या दुर्गच्या राजकारणातले विश्वनाथ यादव तामस्कर यांचं नाव आज तिथल्या सरकारी महाविद्यालयाला आहे. पोरं त्याचं ‘व्हीवायटी’ करून टाकतात आणि तामस्कर हे आडनाव कुठलं, असा प्रश्न कोणाला पडत नाही.

४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीला तीन खाद्यं लागतात. लोहखनिज दल्ली-राजहऱ्यातून आलं, कोळसा झरियाकडून, आणि चुनखडी नंदिनीतून. चुनखडीचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. कोळशात राख असते, खनिजात वाळू आणि माती असते. हे सगळं लोखंडात राहिलं तर लोखंड ठिसूळ. भट्टीत चुनखडी फुटून तिचा चुना होतो, तो ही घाण स्वतःत ओढून घेतो आणि वितळलेला मळ होऊन लोखंडावर तरंगतो. तोटी उघडली की मळ वेगळा, लोखंड वेगळं. भारतीय कोळशात राख फार, म्हणून चुनखडीही जास्त लागते. या भट्टीच्या लोखंडातून पुढे भिलाईने रेल्वेचे रूळ केले, देशभर घातले. त्या रुळांत नंदिनीचा दगड नाही. तो मळाबरोबर बाहेर पडला, पाण्याने दाणेदार केला गेला आणि सिमेंटमध्ये दळला गेला. जामुलचा ए.सी.सी.चा कारखाना १९६५ चा आहे, नंदिनी रोडवरच. म्हणजे गावाखालचा दगड भिलाईत जाऊन, भट्टीतून निघून, परत त्याच रस्त्यावर येऊन पोत्यात भरला गेला. भिलाईतली कितीतरी घरं नंदिनीने बांधली आहेत, फक्त कोणी तसं म्हणत नाही.

हा दगड समुद्राच्या तळाचा आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी आजच्या छत्तीसगडच्या मैदानावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचे थर बसत गेले. प्राणी, झाडं काही नव्हतं. सूक्ष्मजीवांच्या चिकट पापुद्र्यांवर गाळ साठत साठत त्यांचे घुमटासारखे आकार तयार झाले. आडव्या कापलेल्या दगडात ते एकात एक वर्तुळांसारखे दिसतात. छत्तीसगडच्या चुनखडीत ही वर्तुळं जागोजाग आहेत. शेतीच्या हिशेबात, जिथे हा दगड वर आला आहे आणि माती बोटभर आहे, ती जमीन सगळ्यात हलकी. खाणीच्या हिशेबात तीच सगळ्यात भारी. भाव मात्र शेतीच्या हिशेबाने लागतो. दगडाचा मालक सरकारच असतं.

संपादित गावांचं पुढे काय झालं, हे सर्वांत बारकाईने लिहिलं ते इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी. त्यांनी भिलाईत वर्षानुवर्षं जाऊन-येऊन काम केलं. त्यांचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला. सुरुवातीला आसपासचे शेतकरी कारखान्याच्या नोकरीला बिचकत होते, हे त्यांनी नोंदवलं आहे. भट्टी सुरू व्हायला माणसाचा बळी लागतो, लहान पोरं पळवतात, अशा अफवा होत्या. मळेवाल्यांचे आणि दुष्काळाचे अनुभव ज्यांच्या मागे होते, त्यांना यंत्र माणूस खातं हे पटायला वेळ लागला नसणार. आणि भट्टीने, खाणीने पुढे माणसं घेतलीच, अपघातांच्या रूपाने. पण पॅरी यांनी अभ्यासलेल्या दोन्ही गावांना त्यांच्या शिस्तीप्रमाणे टोपणनावं दिली : गिरवी आणि पत्रीपार. कारण समजतं, माणसांना त्रास होऊ नये. तरीही चुटपुट लागते. भिलाईच्या खेड्याला अखेर जगाच्या ग्रंथालयात जागा मिळाली, आणि ती खोट्या नावाने.

इंग्लंडातही गावं सरकारने घेतली आहेत. डॉर्सेटमधलं टाइनहॅम युद्धसरावासाठी लष्कराने डिसेंबर १९४३ मध्ये रिकामं करून घेतलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं. जाताना चर्चच्या दाराला चिठ्ठी लावली होती : आम्ही परत येऊ, तोवर गाव नीट सांभाळा. १९४८ ला सरकारने जमीन कायमची घेतली, ती माणसं परतली नाहीत. आज तिथे चर्च आणि शाळा जतन केल्या आहेत, शाळेत बाकं मांडली आहेत, पर्यटक येतात. दुर्गच्या खेड्यांत दार असलेलं असं एक सामायिक घर नव्हतं. ठाकुरदेव झाडाखाली असतो, शीतला तलावाच्या काठी. सावनात बैगा, म्हणजे गावचा पुजारी, गावाची वेस मंत्राने बांधतो, ती वेस कोणत्याही नकाशावर नसते. त्या वेशीच्या आधारावर भूसंपादन अधिकाऱ्याकडे हरकत नोंदवता येत नाही.

तलावांचं सांगायला हवं, कारण या भागात इतिहास लिहायची खरी जागा तीच आहे. नंदिनी ज्या धमधा तहसिलीत मोडत आली, ते धमधा गोंड राजांचं जुनं ठाणं; तिथल्या तलावांची संख्या लोक ‘छै आगर छै कोरी’ म्हणून सांगतात. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. तलाव खोदणाऱ्या ओड स्त्रीची, दसमतची, लोकगाथा याच दुर्ग भागाशी जोडलेली आहे. एकेका तलावामागे एक गौंटिया, एक दुष्काळ, एक नवस. पटवाऱ्याच्या रकान्यात त्याला फक्त ‘पाण्याखाली’ एवढाच शेरा.

नंदिनी नगरात नव्याने आलेल्यांना हे काहीच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वसाहत म्हणजे क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, बाजार. जवळच कारखान्याची धावपट्टी. फिटर, ऑपरेटर, सुरुंग लावणारे, क्लार्क. बिहारी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, आणि नागपूर-भंडारा-गोंदियाकडचे मराठी. खाणीचा सायरन सगळ्यांना एकच. गणपती सगळ्यांचा, दुर्गापूजाही सगळ्यांची. इथे एक गोष्ट चांगली झाली : कोणाचं गाव नसल्यामुळे कोणाचा गावगाडाही नव्हता. पाणवठ्याची भांडणं नळाने मिटवली. दोन गल्ल्या ओलांडून जुन्या खेड्यात गेलं की सतनामी पारा, म्हणजे सतनामींची वस्ती, अजून वेगळाच होता, हे मात्र वसाहतीतल्या माणसाला बघावं लागलं नाही.

कंत्राटी मजुरांची कथा याहून वेगळी. नंदिनी रोडवरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी शंकर गुहा नियोगी भिलाईत लढत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांचा झोपेत खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला, पॉवर हाउस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, सोळा जण मेले. रस्त्याच्या एका टोकाला हे घडलं; दुसऱ्या टोकाला खाण चालूच होती.

खाणीच्या संपलेल्या भागावर अलीकडे जंगल उभं केलं आहे. ८८५ एकर जमीन, ऐंशी हजारांहून अधिक झाडं, तीन कोटींच्या वर खर्च. २०२१-२२ मध्ये राज्य सरकारने देशातलं मोठं मानवनिर्मित जंगल म्हणून त्याचा गाजावाजा केला. वड, पिंपळ, साग. खड्ड्यांत पाणी साचून राहिलं आहे, पक्षी येतात. जंगल आहे हे उत्तमच. पण ज्या शेतनंबरांवर ते उभं आहे, त्यांतल्या मटासीत शंभर वर्षांपूर्वी कोण धान लावत होतं, ते सांगणारा फलक तिथे लावलेला नाही. मिसलीत ती नावं आहेत.

आणि मिसल अचानक महाग झाली आहे. छत्तीसगडात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून घराणं या राज्याच्या हद्दीत होतं हे दाखवावं लागतं. पुरावा म्हणून जुन्या बंदोबस्ताची मिसल चालते, शाळेचा दाखिल-खारिज, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, चालतो. त्यामुळे कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत तहसिलींमध्ये अर्जदार आजोबा-पणजोबांचं नाव शोधत असतात. पटवाऱ्याने साऱ्यासाठी लिहिलेला जातीचा रकाना आज नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी उघडला जातो. ज्याच्या पणजोबाकडे शेत होतं, त्याला नाव सापडतं. कमियाच्या पणतवंडाला ग्रामसभेच्या ठरावाकडे, साक्षीदारांकडे वळावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी कागदावर नसणं आज पुन्हा मोजावं लागतं.

वसाहतीतल्यांची गोची आणखी निराळी. नंदिनी नगर उभं राहिलं तेच १९५० नंतर. तिथे जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या, छत्तीसगडी बोलणाऱ्या मराठी मुलाला जातीचा दाखला हवा असेल, तर त्याची मिसल भंडाऱ्यात किंवा नागपूरच्या तहसिलीत. आणि तिथे मिळालेला दाखला छत्तीसगडच्या नोकरीत चालत नाही. बापाने चाळीस वर्षं ज्या दगडाला सुरुंग लावले, त्या दगडाच्या गावात मुलगा कागदोपत्री परका.

या वसाहतीचा इतिहास लिहायला कोणी बसलंच, तर मिसल उपयोगाची नाही. त्याने क्वार्टर वाटपाचं रजिस्टर मागावं : कोणाला कोणतं घर, कधीपासून, सोडलं कधी. दवाखान्यातलं बाळंतपणाचं रजिस्टर मागावं. शाळेचा दाखिल-खारिज मागावा, त्यात बापाचा हुद्दा आणि मूळ गाव असतं. खाणीतल्या अपघातांची नोंदवही मागावी, कायद्याने ती ठेवावीच लागते. जन्म, घर, शाळा, मृत्यू : क्रॉमवेलने जे मागितलं होतं, ते सगळं यांत आहे, आणि बायकांची नावंही आहेत. ही रजिस्टरं कुठल्या पुराभिलेखागारात जात नाहीत. कार्यालयांच्या नियमाप्रमाणे मुदत भरली की ती रद्दीत निघतात. क्वार्टर्स एकेक करून रिकामे होत आहेत, पहिल्या पिढीतले लोक ऐंशीच्या पुढे गेले आहेत, आणि अशी रद्दी वजनावर जाते.